वर्ध्याच्या खादी भांडारातली योगाची सतरंजी: तिन्ही ऋतू वापरून

वस्तू काय ते आधी सांगते. हातमागावर विणलेली सुती सतरंजी, योगासनांच्या मापाची. साडेसहा फूट लांब, दोन फूट रुंद. गडद निळा रंग, दोन्ही टोकांना विटकरी पट्टे. किंमत ८५० रुपये. आम्ही देवळी तालुक्यातले, त्यामुळे मोठा बाजार वर्ध्यालाच. मागच्या दिवाळीच्या आसपास हरभऱ्याचं बियाणं घ्यायला गेलो होतो, तेव्हा तिथल्या एका खादी भांडारात ही दिसली. आता पोळा होऊन गेला. हिवाळा, उन्हाळा, पावसाळा तिन्ही हिच्यावरून गेले आहेत, म्हणून आता हिच्याबद्दल ठामपणे लिहू शकते.

माझ्या घरी शिलाई मशीन आहे. गावातल्या ब्लाउजपासून शाळेच्या गणवेशापर्यंत सगळं माझ्याकडे येतं. त्यामुळे कापड हातात आलं की मी आधी त्याची उलटी बाजू पाहते. हिची उलटी-सुलटी सारखीच निघाली, दोन्हीकडून वापरता येईल अशी. उजेडासमोर धरून पाहिली, कुठे उजेड झिरपत नव्हता. उभा धागा दुहेरी पिळाचा, आडवा धागा जाड आणि दाबून बसवलेला. लांबीचे दोन्ही काठ विणतानाच वळवलेले आहेत, कापून ओव्हरलॉक मारलेले नाहीत, आणि हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. कापलेला काठ कितीही शिवा, धुता धुता धागे सोडतो. टोकांना मात्र दुमडून एकच टीप मारली होती, तीही साध्या दोऱ्यानं. एवढ्या जाड विणीला तो दोरा पुरणार नाही हे तिथेच दिसत होतं. घरी आणल्यावर जीन्सला वापरतात त्या दोऱ्यानं मी दुसरी टीप मारून घेतली. ज्यांच्या घरी मशीन नाही त्यांनी दुकानातच हे करून मागावं.

वर्ध्यात चांगली खादी मिळावी यात तसं नवल नाही. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ मध्ये इथल्या मगनवाडीत सुरू झाला, गांधीजी १९३६ मध्ये आताच्या सेवाग्रामला राहायला आले, आणि १९३८ मध्ये खादी-ग्रामोद्योगाचं मगन संग्रहालय उघडलं. आमच्या वावरात पऱ्हाटी उभी असते, आमचाच कापूस गाडीत भरून जिनिंगला जातो, आणि योगासनाला मात्र आम्ही प्लास्टिक अंथरायचं, हे मला फार दिवस खटकत होतं.

कारण याआधी माझ्याकडे फोमची चटई होती, ऑनलाइन मागवलेली, सहा मिलिमीटर जाडीची. तिचा मऊपणा गुडघ्यांना बरा होता, तेवढं तिचं श्रेय तिला देते. बाकी आमच्यासारख्या घरात ती टिकायची वस्तू नाही. आमचं माजघर टिनाखाली आहे. एप्रिल-मे मध्ये पहाटेसुद्धा भिंती गरम असतात. दोन सूर्यनमस्कार झाले की तळहाताला घाम, आणि पर्वतासनात हात पुढे सरकत जाणार. पाठीला ती चिकटायची. कितीही पुसली तरी तिचा वास जात नव्हता. शिवाय धान्याच्या घरात उंदीर असतातच, त्यांनी तिचा कोपरा कुरतडला. त्यामुळे रोज गुंडाळायची, पिशवीत घालायची, वर फळीवर ठेवायची, आणि सकाळी पुन्हा स्टूल घेऊन काढायची.

या काढण्या-ठेवण्यातच माझा योग अडकला होता, असं आज मला वाटतं.

मी योग शिकले ते तालुक्याला झालेल्या एका शिबिरात. नागपूरच्या रामनगरातल्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात तयार झालेल्या एक ताई शिकवायला येत. पैसे घेत नसत, सावकाश शिकवत, आणि प्रत्येकीच्या पाठीला हात लावून पाहत. पुढे बरेच दिवस घरी नियमानं चाललं. मग एका खरिपात सोयाबीनची सवंगणी आणि कापसाची वेचणी एकावर एक आली, मजूर मिळेना, आणि सकाळचा तो वेळ वावरानं घेतला. वेचणी संपली, तूर झाली, उन्हाळा लागला, तरी चटई फळीवरच राहिली. आपल्याकडे योग दिनाचं वातावरण होतं, २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला शाळेच्या पटांगणात सगळे जमतात, हुरूप येतो. पण मृग लागून गेलेला असतो, पाऊस आला की पेरणी. घरात बियाण्याच्या थैल्या आणि डोक्यात पावसाचा हिशोब. खेड्यात सुरुवात करायला हा आठवडा सगळ्यात कठीण, हे मी दरवर्षी पाहते. उत्साह खरा असतो, त्याला पाय ठेवायला जागा मिळत नाही.

त्या ताईंनी शिबिरात सांगितलेली एक गोष्ट मला त्या काळात फार धीर देत होती. पतंजलींनी योगसूत्रांत साधनेच्या वाटेतले नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, मोजून दिले आहेत. व्याधी आहे, संशय आहे, आळस आहे, आणि शेवटचा असा की मिळालेली स्थिती टिकत नाही. इतक्या जुन्या काळी, इतक्या मोठ्या माणसानं हे लिहून ठेवलं, म्हणजे अभ्यास सुटणं हे साधकाच्या वाटेवरचंच आहे. कोणी बाई मला म्हणाली की माझं मन लागत नाही, तर मी तिला हेच आधी सांगते.

आता सतरंजीनं काय बदललं ते.

ही मी गुंडाळत नाही. माजघरात मशीनच्या आणि धान्याच्या कोठीच्या मधे जेवढी जागा आहे, तिथेच ती अंथरलेली असते. दिवसा येण्या-जाण्याला अडचण होऊ नये म्हणून अर्धी दुमडून ठेवते, पहाटे एका हातानं उलगडते. झालं. फळी नाही, स्टूल नाही, पुसणं नाही. उंदरांनी अजून हिला तोंड लावलेलं नाही. आणि सतरंजी ही घरातलीच वस्तू असल्यामुळे ती अंथरलेली पाहून कुणाला काही वाटत नाही. फोमची चटई पसरली की ती ‘योगावाली चटई’ व्हायची, पोरं तिच्यावर उड्या मारायची, पाहुणे विचारायचे.

वेळेचं म्हणाल तर आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाचं पहाटेचं सामुदायिक ध्यान होतं, त्याचा आवाज घरात येतो. तो आवाज आला की मी सतरंजीवर उभी राहते. एवढंच ठरवलं होतं, की उभं राहायचं आणि फक्त चालनक्रिया करायच्या: मान, खांदे, कंबर, गुडघे. सरकारनं योग दिनासाठी जो पंचेचाळीस मिनिटांचा अभ्यासक्रम ठरवून दिला आहे, त्याची सुरुवातही प्रार्थनेनंतर यांनीच होते. तो अभ्यासक्रम चांगला आहे, सामूहिक वर्गाला फार सोयीचा आहे. पण तुटलेला अभ्यास जोडायला निघालेल्या बाईसमोर पंचेचाळीस मिनिटं ठेवली तर ती चूल पेटवायला निघून जाते. मान-खांदे मोकळे करायला चहाचं आधण उकळेपर्यंतचा वेळ पुरतो. ते झालं की शरीर स्वतःच पुढचं मागतं. त्यानं मागितलं तेवढंच मी दिलं. कधी ताडासन आणि अर्धचक्रासन, कधी पालथं पडून भुजंगासन, शलभासन आणि मग मकरासनात तसंच पडून राहणं. वेचणीच्या ऐन दिवसांत हे सुरू झालं आणि रथसप्तमीपर्यंत सूर्यनमस्कारही परत आले.

शेजारच्या काकू पहिल्यांदा पाहायला आल्या तेव्हा म्हणाल्या, “दिवसभर वावरात वाकूनच तं राह्यतं वं तू, आनखी घरी काऊन वाकतं?” प्रश्न अगदी योग्य आहे, आणि कष्ट करणाऱ्या प्रत्येक बाईच्या मनात तो असतो. त्यांना मी करून दाखवलं. कापूस वेचताना कंबर पुढेच वाकलेली असते, कमरेला बांधलेलं फडकं भरत जातं तसा भार वाढतो, मान खाली आणि खांदे आत ओढलेले. मशीनवरही तेच, मान खाली आणि खांदे पुढे. दिवसभर शरीर एकाच दिशेला जातं. अर्धचक्रासन, भुजंगासन, शलभासन ही त्याच्या उलट दिशेची आसनं आहेत, छाती उघडणारी, पाठीच्या स्नायूंना कामाला लावणारी. वक्रासनात कणा दोन्ही बाजूंना सारखा वळतो, वेचणीत तो नेहमी सोयीच्या बाजूलाच वळतो. म्हणून आमच्यासारख्यांच्या घरच्या अभ्यासात पुढे वाकण्याची आसनं कमी आणि मागे वाकण्याची थोडी जास्त असावीत, असं माझं मत आहे. ज्यांच्या मणक्यातली गादी सरकलेली आहे किंवा रक्तदाब जास्त आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

पुन्हा सतरंजीकडे येते. आसनाला ती कशी आहे?

उभ्या आसनांना उत्तम. वृक्षासनात एका पायावर उभं राहिलं की फोममध्ये टाच दबते आणि घोटा डुगडुगतो. इथे पायाखाली पक्की जमीन लागते, पायाची बोटं विणीत रुततात, तोल लवकर सापडतो. घामाला तर हिचा जवाबच नाही. सूत घाम पिऊन घेतं आणि ओलसर झालं की पकड आणखी वाढते. कोरड्या थंडीत तळहात सुरुवातीला थोडे घसरतात, तेव्हा मी हात टेकायच्या जागी पाण्याचा हबका मारते, तेवढ्यानं काम होतं. पौष महिन्यात कोबा बर्फासारखा गार लागतो. शवासनात पाठीला ती थंडी जाणवू नये एवढी ही जाड आहे, पण त्या दिवसांत मी खाली एक जुनं पोतं अंथरतेच.

गुडघ्यांना मात्र ही कठीण आहे. वज्रासन ठीक, पण उष्ट्रासनात सगळा भार गुडघ्यांवर येतो आणि दोन-चार श्वासांतच बोचायला लागतं. मी गोधडीचा एक चौकोन शिवून ठेवला आहे, चार पदरी, तो गुडघ्याखाली घेते. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात त्यांनी फक्त या सतरंजीच्या भरवशावर राहू नये.

दुसरी उणीव फरशीची. आमच्या कोब्यावर आणि सासूबाईंच्या खोलीतल्या सारवलेल्या जमिनीवर ही जागची हलत नाही. नागपूरला लेकीकडे नेली तर तिथल्या गुळगुळीत टाइल्सवर अख्खी सतरंजीच माझ्यासकट सरकली. तिथे खाली रबराची जाळी घालावी लागली, ती भांड्यांच्या कप्प्यात अंथरायला मिळते तीच. तुमच्या घरी टाइल्स असतील तर जाळी आधी आणा, मग त्रिकोणासन करा. पाय फाकवून उभं असताना खालचं अंथरूण सरकलं तर जांघेतला स्नायू ओढला जातो.

धुण्याबद्दल सविस्तर सांगते, कारण खरी परीक्षा तिथेच आहे. शिवायला आलेलं सुती कापड मी आधी भिजवून वाळवते आणि मगच कापते, कारण सूत पहिल्या पाण्यात आटतं. हिलाही वापरण्याआधी रात्रभर बादलीत भिजवली. निळा रंग भरपूर सुटला, पाणी शाईसारखं झालं. म्हणून पहिल्या दोन-तीन वेळा हिच्यासोबत दुसरं काहीच धुवू नका. लांबीत चार बोटं आटली, रुंदीत जवळजवळ नाहीच. त्यानंतर आकार पक्का राहिला. आता साध्या साबणानं धुते, ब्रश लावत नाही, मोगरीनं बडवत तर मुळीच नाही, कारण बडवल्यानं वीण सैल पडते. ओली झाली की ही फार जड होते. पिळायला दोन माणसं लागतात, एक टोक मी धरते, एक आमचे हे धरतात. सुकवायला दोरीवर टाकू नये, मधोमध लोंबून ताणली जाते. मी अंगणात बाजेवर पसरते.

मे महिन्यात सकाळी टाकलेली दुपारच्या जेवणाआधी खडखडीत वाळते. श्रावणात मात्र जीव काढते. झड लागली की दोन-तीन दिवस वाळत नाही आणि ओलसर घडी केली तर कुबट वास धरते, काळे ठिपके पडायला लागतात. त्या दिवसांत मी धुणंच लांबवते, उघडीप दिसली की ऊन दाखवते, आणि रात्री पंख्याखाली बाजेवर उलगडून ठेवते. वीज गेली की तेही नाही. पावसाळ्यापुरती पर्यायी म्हणून एक जुनी पातळ सतरंजी हाताशी असलेली बरी. अभ्यास तुटू द्यायचा नसेल तर ही सोय आषाढ लागण्याआधीच करून ठेवा. एकदा दोन-चार दिवसांचा खंड पडला की पुन्हा उभं राहणं जड जातं, मग कारण ओल्या सतरंजीएवढं छोटं का असेना.

गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन कसं असावं ते आलं आहे: स्वच्छ जागी, फार उंच नाही, फार खाली नाही, खाली दर्भ, त्यावर मृगाजिन आणि वर वस्त्र. आमच्या देवळात हा अध्याय वाचला जातो तेव्हा मला आता तो घरातलाच वाटतो. जागा स्थिर असावी हे तिथे आधी येतं, मन एकाग्र करण्याचं त्यानंतर. माझ्या बाबतीत अगदी त्याच क्रमानं घडलं. मन तयार होण्याची वाट पाहत मी बसले असते तर फळीवरची चटई आजही फळीवरच असती.

घरातल्या इतरांवर काय परिणाम झाला, हेही सांगण्यासारखं आहे. सासूबाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या. फोमच्या चटईवर पाय ठेवायला त्या घाबरायच्या, पाय चिकटतो म्हणायच्या. या सतरंजीवर त्या स्वतःहून येऊन बसल्या. हात फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, “हे बरं हाय. आपल्या घरचं वाटते.” आता माझं झालं की त्या भिंतीला पाठ टेकून पाय पसरतात, घोटे गोल फिरवतात, मुठी उघडझाप करतात, आणि मग तिथेच माळ जपतात. सकाळी त्यांची बोटं आखडलेली असायची, लोटा धरताना त्रास व्हायचा. आता चहाचा कप स्वतःच्या हातानं उचलतात. हे त्या रोज करतात म्हणून झालं, आणि रोज करतात कारण बसायची जागा तयार असते.

किमतीबद्दल माझं मत असं. ८५० रुपये आमच्या घराला थोडे नाहीत, तेवढ्यात दोन फोमच्या चटया येतात. पण वीण पाहता ही बरीच वर्षं जाईल. उलटी-सुलटी दोन्ही वापरता येत असल्यामुळे आयुष्य आणखी वाढेल. फाटली तरी तिचे तुकडे बसकर म्हणून चालतील, पोळ्यांच्या डब्याखाली चालतील. हातमागावरच्या विणकराला त्याचं मोल मिळालं पाहिजे, हेही मला मनापासून वाटतं. पाचपैकी साडेचार गुण देते. अर्धा गुण टोकाच्या टिपेसाठी आणि रुंदीसाठी कापला आहे. दोन फूट रुंदी सडपातळ माणसाला पुरते, पण शवासनात माझे दोन्ही हात बाहेर कोब्यावर जातात.

भांडारवाल्या दादांना हे सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं. वेगळ्या मापाची हवी असेल तर विणून देतात, महिनाभर लागतो आणि निम्मे पैसे आधी द्यावे लागतात. जाऊबाईंनाही आता हवी आहे, त्यांच्यासाठी अडीच फूट रुंदीची सांगून आले आहे, दोन्ही टोकांना जाड दोऱ्याची दुहेरी टीप घालून. रंग त्यांनी मातकट निवडला आहे, धूळ दिसत नाही म्हणून. दसऱ्यापर्यंत तयार होईल असं ते म्हणाले, म्हणजे वेचणी सुरू होण्याआधी ती त्यांच्या घरात अंथरलेली असेल.